ओढ्यापलीकडचे बारा अर्ज

रक्त घ्यायला आलेल्या बाईने रक्त घ्यावं, बाटलीला लेबल लावावं आणि निघावं; लोकांच्या टेबलावर काय पसरलंय ते वाचत बसू नये. चेतनाला हे कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. लॅबच्या मॅडमनी तर दोनदा शिकवलं होतं. पण बाई पडली चौकस, आणि त्या दिवशी मुलुंड पूर्वेला अनिरुद्धकाकांच्या जेवणाच्या टेबलावर जो नकाशा पसरला होता, त्याच्या डोक्यावर तिच्याच गावाचं नाव होतं. उंबरसोंड. आता बोला!

अनिरुद्धकाका म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. दर तीन महिन्यांनी त्यांची उपाशीपोटीची साखर तपासायला चेतना सकाळी सातला हजर व्हायची. दोघं एकाच गावचे. काका कालव्यालगतच्या वरच्या मळ्यांतले आणि चेतना ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. गावात असते तर दोघांनी एका टेबलावर चहा घेतला असता की नाही, कोण जाणे. मुलुंडमध्ये मात्र शुभाकाकू तिला चहाशिवाय सोडत नसत.

"मूठ आवळा काका. आणि हे काय काढलंय?"

"अगं, आपली चारी!" काका सुईकडे न बघता नकाशाकडे बघत म्हणाले. "उघडी चारी बुजवून पाइप टाकायचाय. कालव्यातून सुटलेलं निम्मं पाणी वाटेतच मुरतं ना. आता प्रत्येकाच्या बांधाला तोटी. गावच्या पाणी सोसायटीने आराखडा मला करायला सांगितलाय. फुकट, अर्थात."

"झकास," चेतना म्हणाली. बाटलीत रक्त चढत होतं आणि तिची नजर नकाशावरच्या निळ्या रेघेवरून उतरत होती. रेघ कालव्यापासून निघाली, काकांच्या मळ्यावरून गेली, शाळेमागून वळली आणि ओढ्यापाशी येऊन गपकन थांबली. ओढ्यापलीकडे पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून लिहिलं होतं, 'वगळले'.

"काका, ही रेघ इथेच का थांबली? पुढे आमची जमीन आहे. अडतीस एकर."

काकांनी चष्मा वर केला. "माहितेय गं मला. पण तुमच्या बारा खात्यांचा गेल्या चाळीसेक वर्षांत पाणीमागणीचा एकही अर्ज नाही. नमुना सात म्हणतात त्याला. दर हंगामाला भरायचा असतो, की अमुक पिकाला इतकं पाणी हवं. मी कचेरीतली दप्तरं स्वतः बघून आलो. एकही नाही! कचेरी म्हणते, मागणीच नाही तर क्षेत्र धरायचं कशाला. आणि क्षेत्रावरच पाइपाची जाडी ठरते."

"मग नंतर मागितलं तर?"

"एकदा पाइप पुरला की पन्नास वर्षं तोच. दोन बोटांच्या नळीतून चार बोटांचं पाणी कसं नेणार? मलाही बरं वाटलं नाही, पण कागद नाही तर मी तरी काय करू?"

चेतनाने सुई काढली, कापूस दाबला आणि जरा जास्तच दाबला. तिला राग आला होता. कोणाचा ते अजून तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. काकांचा म्हणावा तर माणूस सरळ बोलत होता.

"कधीपर्यंत वेळ आहे?"

"पुढच्याच्या पुढच्या रविवारी इथे मंडळाच्या हॉलमध्ये मुंबईकर गावकऱ्यांची बैठक. सोमवारी आराखडा पाठवणार. त्याआधी तुमचे अर्ज आण, सह्यांसकट. जितकी खाती मागतील तितक्यांपर्यंत मी पाइप नेतो. शब्द देतो."

म्हणजे हातात अकरा दिवस. चेतनाने त्या दिवशी शुभाकाकूंचा चहा उभ्यानेच प्यायला, आणि खाली येऊन स्कूटरवर बसल्या बसल्या गावी दर्शनाला फोन लावला. दर्शना म्हणजे तिची लांबची चुलत बहीण. नवरा गेल्यावर डोंबिवली सोडून दोन लेकरांना घेऊन गावी परतली होती आणि चेतनाच्या वडिलांची धरून वस्तीतल्या पाच घरांची जमीन एकटी कसत होती. पावसावर एक ज्वारी यायची, बस्स. यंदा चारीचं पाणी मिळेल या आशेवर तिने कांद्याचं बी आणून ठेवलं होतं.

दर्शनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाट लागली म्हणायची. पाणी नसेल तर मी इथे काय करू गं ताई? तुझ्या लॅबमध्ये झाडू मारायला बाई लागते का बघून ठेव."

"गप गं," चेतना म्हणाली. "कांदा लाव तू. मी अर्ज आणते."

बोलून तर गेली. आता आणायचे होते.

पहिली सही घरातलीच. त्यात काय अवघड, असं तिला वाटलं. घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराच्या मध्यावर, तिचे आई-आप्पा राहत. आप्पा, म्हणजे धोंडिराम, पालिकेच्या पाणीखात्यातले जुने चावीवाले. लांब दांड्याची लोखंडी चावी घेऊन रस्त्यातली झाकणं उघडायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, या गल्लीचं पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं. सव्वीस वर्षं अर्ध्या घाटकोपरचं पाणी या माणसाच्या मनगटावर चाललं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी नळ उशिरा आला की शेजारणी अजून त्यांनाच ओरडतात.

चेतनाने नमुना सात पुढे ठेवला, पेन ठेवलं, सगळं समजावून सांगितलं. आप्पांनी कागद न वाचताच परत सरकवला.

"आपण पाणी मागत नसतो."

"मागत नसतो म्हणजे?"

"म्हणजे मागत नसतो. आपल्या वस्तीतलं कोणी मागत नाही. तू पण मागू नको."

"अहो आप्पा, हा फॉर्म आहे! रेशनकार्डाला फॉर्म भरला, पेन्शनला भरला, गॅसला भरला. ह्यालाच काय झालं?"

"ते वेगळं." आप्पांनी चप्पल पायात सरकवली. "शकु, मी खाली जाऊन येतो."

आई स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. चेतनाला तिचाही राग आला. या घरात एका माणसाने नाही म्हटलं की भिंतीसुद्धा नाही म्हणायच्या.

ठीक आहे, आप्पा शेवटी बघू, असं ठरवून तिने बाकीच्या अकरा खात्यांची यादी केली. सकाळी सात ते अकरा रक्त, अकरानंतर सह्या. आणि बघा मजा. हीच चेतना सुई घेऊन दारात उभी राहिली की लोक बाही वर करून बसतात. कागद घेऊन उभी राहिली की त्याच लोकांना चष्मा सापडत नाही. दहिसरला नदीजवळच्या इमारतीत जानकीआत्या राहायची, तिने पोहे केले, सरबत केलं, नातवाचे फोटो दाखवले आणि अर्ज निघाल्याबरोबर हात पदराला पुसत म्हणाली, "धोंडिरामदादाची सही कुठाय?"

"ते करतील गं. तू तर कर."

"असं कसं? आधी दादाची, मग आमची. आपल्यात असंच आहे बाई."

दुसऱ्या दिवशी विक्रोळीत तेच, मग कांजूरला तेच. सख्खा भाऊ आकाश, अंधेरीत एका हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला, तोही फोनवर म्हणाला, "ताई, सोड ना यार. आप्पा नाही म्हणाले ना? तीन एकरात पिकतं तरी काय?"

"पाणी नाही म्हणून पिकत नाही, मठ्ठा!" चेतना भर रस्त्यात ओरडली. रिक्षावाल्याने वळून पाहिलं. "चार दिवस फिरतेय मी. सगळे एकच टेप लावतात. आधी आप्पा, आधी आप्पा. का, ते कोणी सांगत नाही."

"कुर्ल्याच्या नानांना विचार," आकाश म्हणाला. "जुनं सगळं त्यांच्याकडे असतं."

विद्याधरनाना म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ, वस्तीच्या बौद्धजन समितीच्या मुंबई शाखेचे चिटणीस. कुर्ल्याला त्यांच्या पोटमाळ्यावर पत्र्याची पेटी होती आणि त्या पेटीत वस्तीचं सगळं दप्तर. लग्नाची वर्गणी, विहाराची कौलं, कोण कोणाशी भांडलं आणि कोणी मिटवलं, सगळं लिहिलेलं. नानांनी चेतनाला शिडी धरायला लावली, एक लाल पुठ्ठ्याची वही काढली आणि फुंकर मारून उघडली.

"वाच. मोठ्याने वाच. मला आता बारीक अक्षर दिसत नाही."

चेतनाने वाचलं. १९८१ साल. ठराव क्रमांक चार. 'आपल्यापैकी धोंडिराम यांनी कालव्याच्या कचेरीत नमुना सात भरून तीन एकर कांद्यास पाणी मंजूर करून घेतले व पट्टी भरली. पाळीच्या तीन दिवसांत पाणी ओढ्यापर्यंत पोचले नाही. ते वरच्या मळ्यात उसाला वळवले गेले. जाब विचारता, मागायला कोणी सांगितले होते, असे उत्तर मिळाले. सबब, आजपासून वस्तीतील कोणीही पाण्यासाठी अर्ज करू नये. मागण्याने मान जाते, पाणी येत नाही. सूचक धोंडिराम. सर्वानुमते मंजूर.' खाली तीन सह्या आणि नऊ अंगठे.

चेतनाने वही गुडघ्यावर ठेवली. म्हणजे हे होतं तर! काकांच्या दप्तरात जिथे 'मागणी नाही' असं दिसत होतं, तिथे खरं तर बारा घरांची शपथ बसली होती. आणि ती शपथ घालणारा माणूस तिच्याच घरात टीव्हीवर बातम्या बघत होता.

"मग आता हा ठराव रद्द करा ना नाना. तुम्ही चिटणीस आहात."

"चिटणीस लिहितो गं फक्त." नाना हसले. "ज्याने मांडला त्यानेच मागे घ्यायचा. सगळ्यांसमोर. एवढी शिस्त आम्ही पाळली, चाळीस वर्षं कोरड्या रानात पाळली. तुझ्या बापाच्या शब्दावर पाळली. आता तो मागे घेत नाही तोवर कोण मोडणार?"

चेतनाने पानाचा फोटो काढला. वही तिने नानांकडेच ठेवली, पण अंगठ्यांवरून नजर निघेना. त्यातला एक दर्शनाच्या आजोबांचा होता.

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या तीन घरांचं रक्त लॅबमध्ये टाकून ती तडक भटवाडीत गेली. आप्पा गॅलरीत स्टुलावर बसले होते. तिने काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला. आप्पांनी फोटो मोठा केला, लांब धरला, जवळ आणला. बराच वेळ वाचत राहिले. स्वतःचाच ठराव वाचायला इतका वेळ कशाला लागतो, असं तिच्या ओठावर आलं होतं.

"खरंय ना हे?" तिने शेवटी विचारलं.

"शब्द न् शब्द खरा आहे. तीन दिवस चारीत उभा होतो, फावडं घेऊन."

"तेव्हा तुम्ही बरोबर होता आप्पा. मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आता हाच कागद आपल्यावर उलटलाय. ते म्हणतात, मागितलं नाही म्हणजे नको होतं."

"मला माहीत होतं," आप्पा म्हणाले.

"काय माहीत होतं?"

आप्पांनी फोन परत दिला. "हेच होणार ते. ठरावानंतर दोन वर्षांनी पालिकेत लागलो आणि पहिल्याच वर्षी कळलं. इथेच, या डोंगरावर. खालच्या गल्लीत एक मास्तर होता, दर आठवड्याला अर्ज टाकायचा, पाणी कमी येतं म्हणून. साहेब वैतागून मला म्हणायचा, धोंडिराम, दहा मिनिटं जास्त सोड त्या गल्लीला, तोंड बंद कर त्याचं. वरच्या गल्लीचा अर्जच नव्हता. तिथल्या बायका हंडे घेऊन खाली यायच्या, माझ्याशी भांडायच्या, पण लिहून कोणी दिलं नाही. मग ती दहा मिनिटं कुठली? वरच्या गल्लीची. मी काढली, ह्या हाताने. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं काढली."

चेतनाने फोन पर्समध्ये ठेवला.

"तेव्हाच गावी जाऊन सांगायला पाहिजे होतं," आप्पा म्हणाले. "की बाबांनो माझं चुकलं, पाणी अर्जाच्या मागे जातं, भरा तुम्ही अर्ज, हजारदा भरा. नाही गेलो. बारा घरांनी माझ्या शब्दावर अंगठे दिले होते. कुठल्या तोंडाने सांगू? दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी सांगू. त्यात माणसं मरून गेली गं."

चेतनाला बापाची दया आली आणि त्याच क्षणी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज मुद्दाम कडक ठेवला.

"मेलेल्यांना सांगता येणार नाही. जिवंत आहेत त्यांना सांगा. शनिवारी कुर्ल्याला सगळ्यांना बोलावते. येणार की नाही?"

आप्पांनी मान हलवली. होकाराची होती की नुसतीच, ते तिला कळलं नाही.

पण आले. शनिवारी संध्याकाळी पाचला कुर्ल्याच्या विहारात आले, पांढरा सदरा घालून, आईला बरोबर घेऊन. अकरा घरांची माणसं सतरंजीवर बसली होती. दहिसरहून जानकीआत्या, अंधेरीहून तोंड पाडून आलेला आकाशही. वंदना झाली. नानांनी लाल वही उघडून ठराव वाचला. मग आप्पा उभे राहिले. चेतनाला वाटलं होतं, मोठं भाषण करतील. त्यांनी पाच-सहा वाक्यांत आटोपलं. मास्तर सांगितला, दहा मिनिटं सांगितली. "माझं चुकलं," म्हणाले. "ठराव मी मागे घेतो. तुमची एवढी वर्षं मी कोरडी घालवली. सह्या करा."

जानकीआत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं की तिचा आवाज चढतो. "अरे दादा, आम्हाला काय अक्कल नव्हती? आम्हीही गप्पच बसलो ना! आण गं चेतना तो कागद."

अर्ध्या तासात अकरा अर्ज झाले. बारावा चेतनाने आप्पांपुढे धरला. आप्पांनी तो घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"आधी तुमची सही लागते ना?" आकाश म्हणाला.

"लागायची. आता नाही. माझी उद्या, हॉलमध्ये. सगळ्यात शेवटी."

बापाला ती चांगलं ओळखून होती. खिशात घातलेला कागद हा माणूस सहजासहजी बाहेर काढत नाही.

रविवारी मुलुंडच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. पुढे टेबलावर नकाशा चिकटवलेला, शेजारी काका हातात पेन्सिल घेऊन. ओढ्यापलीकडची मंडळी मागच्या दोन रांगांत बसली. सवयच ती, दुसरं काय. चेतनाने ते पाहिलं आणि एकेकाला उठवून पुढे आणलं.

काकांनी आराखडा समजावला. मग म्हणाले, "ओढ्यापलीकडचं क्षेत्र मी वगळलं होतं. परवा चेतनाने मला एक जुना ठराव दाखवला. तो मी वाचतो." आणि त्यांनी वाचला. वरच्या मळ्यात उसाला, या शब्दांपाशी ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हा वरचा मळा आमचा. तेव्हा तिथे ऊस आमचाच होता. मी नोकरीनिमित्त नाशिकला होतो, पण घर आमचंच." पहिल्या रांगेत शुभाकाकू मान खाली घालून बसल्या होत्या.

काकांचा पुतण्या मुकुल ताडकन उठला. बोरिवलीला त्याचा गाड्यांचा धंदा आणि गावी आता मळा तोच बघायचा. "काका, जुनी मढी उकरून काय मिळणार? मुद्दा साधा आहे. क्षेत्र वाढलं की प्रत्येकाची पाळी कमी होणार. चाळीस वर्षं हे लोक गप्प बसले. तेव्हा नको होतं, आता पाइप म्हटल्यावर हवं?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. दोन-चार माना हलल्या. चेतना उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात आप्पा उभे राहिले.

"बरोबर बोलला पोरगा," ते म्हणाले. "गप्प बसले. पण मी बसवलं म्हणून बसले. ह्या अकरा जणांचा त्यात काही दोष नाही. शिक्षा द्यायची तर मला द्या. माझे तीन एकर एकदम टोकाला आहेत, तिथे नाही नेला पाइप तरी बाकीच्यांचं अडत नाही. माझे वगळा, ह्यांचे घ्या. आणि तेवढी पाळी तुमच्या मळ्याची वाचली असं धरा."

त्यांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढला आणि कोराच टेबलावर ठेवला.

असा सौदा कोणी मांडेल असं मुकुललाही वाटलं नसावं. तो तोंड उघडं ठेवून बसला. चेतनाला आता कळलं. ह्यासाठी होता तर खिसा! दर्शना तीन एकरांच्या त्याच टोकाला कांदा लावून बसली होती. आप्पांना प्रायश्चित्त हवं होतं आणि त्याची झळ गावी एका बाईला बसणार होती. "आप्पा, नाही," ती म्हणाली, "असं नाही चालणार," पण आप्पांनी तिकडे वळून पाहिलं नाही.

तेव्हा शेजारून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठली होती.

शकुबाई चारचौघांत बोलत नसत. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. त्या पदर खोचून टेबलापर्यंत चालत गेल्या आणि नवऱ्याकडे न बघता काकांना म्हणाल्या, "साहेब, सातबारा आहे का आमचा?"

काकांनी कागदांची चळत चाळली. "आहे."

"कोणाकोणाची नावं आहेत, वाचा जरा."

"धोंडिराम…" काकांचं बोट खाली सरकलं. "आणि शकुंतला."

"मधे सरकारने योजना काढली होती, बायकोचं नाव लावायची. ह्यांनीच लावलं. विसरले असतील." आता त्या नवऱ्याकडे वळल्या. "शिक्षा घ्यायचीय तर खुशाल घ्या. पण माझ्या जमिनीची कशी घेता? तीन एकर काय तुमच्या एकट्याचे?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी कोरा अर्ज स्वतःकडे ओढला.

"दोघांपैकी एकाची सही चालते का, साहेब?"

"चालते," काका म्हणाले. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

चेतनाला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. अकरा दिवस ती दहिसर ते कुर्ला फिरली होती. आत्याला विचारलं, नानांना विचारलं, ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत त्या चुलत्यांना विचारलं. आप्पांसमोर तर चारदा कागद ठेवला. आणि तिथेच, दारात बसून मेथी निवडणाऱ्या बाईला एकदासुद्धा विचारलं नाही, की आई, तू करतेस का सही? कोणीच विचारलं नव्हतं. तिचं नाव सातबाऱ्यावर आहे हे पोटच्या मुलीला माहीत नव्हतं. चेतनाला स्वतःची इतकी लाज वाटली की ती जागची हललीच नाही.

आई वाकून सही करत होती. तिला सवय नव्हती. एकेक अक्षर जोडत होती आणि पूर्ण हॉल थांबला होता. श. कुं. त. ला. मुकुलने घड्याळ पाहिलं आणि शुभाकाकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मनगट खिशात घातलं.

"मुकुल," काका म्हणाले, "पाळी कमी होईल, हे खरंय. सगळ्यांचीच सारखी कमी होईल. पहिली माझी करतो." मग त्यांनी वर बघून विचारलं, "आणखी कोणाची हरकत?" कुजबुज झाली, पण हात एकही वर आला नाही. काकांनी 'वगळले' हा शब्द खोडरबरने पुसला आणि निळी पेन्सिल ओढ्यावर टेकवली. "धोंडिरामभाऊ, इकडे या. तुमची शेवटची सरी नक्की कुठे संपते? जुन्या नकाशात बांध दिसत नाही."

आप्पा आले. आधी बायकोकडे पाहिलं, मग नकाशाकडे. कागदावर बोट टेकवायला त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

"इथं," ते म्हणाले. "करंजीच्या झाडापाशी. आणि साहेब, टोकाला जाताना नळी बारीक करू नका. सगळे तिथेच बारीक करतात."

"नाही करत," काका म्हणाले आणि रेघ त्यांच्या बोटापर्यंत ओढली.

आई अजून पेन धरून उभी होती. तिने ते नवऱ्यापुढे केलं. "जागा आहे खाली," ती म्हणाली. आप्पांनी अर्ज जवळ ओढला आणि शकुंतला या नावाखाली सही केली.